हिशोब विचारला म्हणून मी मूर्ख?

नंदुरबार तालुक्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारी बहीण ३८ वर्षांची, अंगणवाडी सेविका. घरी चार एकर शेती, त्यात मिरची आणि कपाशी. घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. नवरा दीड वर्षापासून बाहेरगावाहून येणाऱ्या एका ‘बंधूं’च्या शुक्रवारच्या प्रार्थनेला जातो. यंदा पहिल्या वेचणीच्या कापसाचे ४० हजार रुपये त्याने घरात न विचारता त्या कामासाठी दिले. सोसायटीचं पीककर्ज तसंच आहे. सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या ‘विश्वास कमी पडतो’ म्हणून दोन महिन्यांपासून बंद आहेत. हिशोब विचारला की तो बायबल उघडून बोट ठेवतो: या जगाचं ज्ञान देवापुढे मूर्खपणा आहे. ‘तुले आत्मानी समज नई,’ म्हणतो आणि उठून जातो. एका रात्री हिचाही तोल गेला. मुलांसमोर ती त्याला मूर्ख म्हणाली, वर बायबलमधल्या नीतिसूत्रांतली चार वचनं ऐकवली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही, आणि १४ वर्षांचा मुलगा बापाची नक्कल करून हसतो. ती विचारते: आत्मिक समज म्हणजे नेमकं काय? ती मला नाहीच का? आणि बायकोने गप्प बसावं, हेच खरं का?

ताई,

आधी गोळ्या. बाकीचं सगळं थांबेल, ते थांबणार नाही. हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंना प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तुम्ही अंगणवाडीत आहात, सिस्टर आणि आशाताई दोघी तुमच्या ओळखीच्या असणार. रक्त तपासून घ्या, पावलांवर कुठे जखम आहे का तेही दाखवा. जुनं पाकीट काढून स्वतःच्या मनाने गोळी सुरू करू नका. दोन महिन्यांत काय झालं असेल ते घरात बसून कळत नाही. नवऱ्याने विचारलं, तर भांडू नका. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशू कोणावर रागावला आहे, एवढं त्याला वाचायला सांगा. काही लोक आपला पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केला, असं जाहीर करायचे आणि मग म्हाताऱ्या आईबापांसाठी काही करायला मोकळे नसायचे. देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा मोडणं, असं येशूने त्याला म्हटलं. कापसाचे ४० हजार आणि आईच्या गोळ्या या दोन गोष्टी तुमच्या पत्रात शेजारी शेजारी आल्या आहेत. मला तरी हा अध्याय त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटला. लूक वैद्य होता हे येशूचा प्रेषित पौल याने स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि वैद्य सोबत असल्यामुळे पौलाचा विश्वास कमी पडल्याचं कुठे दिसत नाही.

आता ते वचन. पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, तिसरा अध्याय, एकोणिसावी ओळ. तुमच्या नवऱ्याने त्या ओळीवर बोट ठेवलं, पण बोट जरा खाली सरकवलं नाही. करिंथ हे ग्रीसमधलं बंदराचं, पैशाचं, वक्तृत्वाची हौस असलेलं शहर. तिथल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, गट पडले होते. एक म्हणे मी पौलाचा, दुसरा म्हणे मी अपुल्लोसाचा, तिसरा म्हणे मी केफाचा, म्हणजे पेत्राचा. कोणाचा गुरू जास्त ज्ञानी, यावर चढाओढ. पौल पहिल्या अध्यायापासून याच दुखण्याला हात घालतो आणि तिसऱ्यात येऊन म्हणतो की असलं शहाणपण देवापुढे मूर्खपणा आहे. लगेच पुढे, एकविसाव्या ओळीत, त्याचा निष्कर्ष येतो: म्हणून कोणीही माणसांविषयी अभिमान बाळगू नये. ‘आमचे बंधू’ म्हणणाऱ्या कुठल्याही गटाला हे लागू होतं. मग बंधू नंदुरबारचे असोत की करिंथचे.

आणि पौल ज्याला मूर्खपणा म्हणतो तो कसला? देवाने जग वाचवायला राजा किंवा पंडित पाठवला नाही, क्रूसावर टांगलेला एक हतबल माणूस पुढे केला. ग्रीकांना हे हास्यास्पद वाटायचं, म्हणून पौल म्हणतो की देवाचा हा मूर्खपणा माणसांच्या शहाणपणापेक्षा शहाणा आहे. त्यात बेरीज-वजाबाकी रद्द झाल्याचं कुठेही नाही. याच पत्राच्या सोळाव्या अध्यायात यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणीची व्यवस्था आहे: दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडं बाजूला ठेवावं, आणि ती रक्कम तुम्ही पसंत केलेल्या माणसांच्या हातून, पत्रं देऊन पाठवली जाईल. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात तर तो सरळ म्हणतो, या देणगीबाबत आमच्यावर कोणी ठपका ठेवू नये याची आम्ही काळजी घेतो; प्रभूच्याच नव्हे, माणसांच्या नजरेतही जे चांगलं ते करतो. म्हणजे हिशोब विचारायची पद्धत पौलानेच घालून दिली. तुम्ही ४० हजारांचं काय झालं ते विचारलंत, तेव्हा तुम्ही ‘जगाच्या ज्ञाना’ने बोलत नव्हतात. पावती मागा. पावती देणाऱ्याला त्याचा राग यायचं कारण नाही, आणि आला तर तेही तुमच्या कामाचं उत्तर आहे.

एक गोष्ट मला फार आवडते ती इथेच सांगून टाकते. यशयाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शेवटी शेतकरी येतो. शेतकरी रोज नांगरतच बसतो का, असं संदेष्टा विचारतो. जमीन सपाट केल्यावर तो काळं जिरं टाकतो, जिरं फेकतो, गहू ओळीत लावतो, जव त्याच्या जागी. जिऱ्यावर मळणीचं चाक फिरवत नाही, ते काठीने झोडतो. आणि हे त्याला कोणी शिकवलं? त्याच्या देवाने. माझी आजी तिळाच्या वाळलेल्या पेंढ्या उलट्या धरून चादरीवर हलकेच झटकायची, दादर ज्वारीवर मात्र खळ्यात बैल फिरायचे. तीळ बैलाखाली घातले असते तर त्याची चटणी झाली असती. ही समज बायबलच्या हिशोबाने देवाकडून आलेली आहे, शुक्रवारच्या प्रार्थनेइतकीच. मिरची वाळवणाच्या पथारीवर किती दिवस ठेवायची, सोसायटीचं कर्ज ३१ मार्चच्या आत का भरायचं, हे तुमच्या नवऱ्याला कळतं. देवाने शिकवलेली ही विद्या आज तोच ‘जगाची’ म्हणून बाजूला सारतो आहे, हे त्याला कोणीतरी प्रेमाने सांगायला हवं.

इथवर वाचून तुम्हाला बरं वाटलं असेल. आता जरा तुमच्याकडे वळते.

तुम्ही त्याला मूर्ख म्हणालात. नीतिसूत्रांत मूर्ख एकाच जातीचा नाही. हिब्रूत त्याला निरनिराळे शब्द आहेत, आपल्याकडे येताना त्यांतल्या बऱ्याच जणांना एकच टोपी बसली. (मूळ शब्दांत शिरणं हे पाळकांचं काम, असं कोणी म्हणालं तर केडगावच्या पंडिता रमाबाईंची आठवण द्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं, १९२२ साली निधन होईपर्यंत त्या याच कामात होत्या.) एक आहे ‘पेती’. त्याचं मन सताड उघडं, कोणीही आत येऊन बसावं असं. दुसरा ‘केसिल’, स्वतःवर खूश असलेला जाड बुद्धीचा. ‘एविल’ला कोणी सुधारायला गेलं की राग येतो. ‘लेत्स’ म्हणजे टवाळ, ज्याला काहीच पवित्र नाही. आणि ‘नाबाल’, ज्याच्या मूर्खपणाला क्रूरपणाचा वास येतो.

तुमचा नवरा यातला कोण? पत्रावरून मला तो पेती वाटतो. मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी ‘भोळा’ येतो, आणि तिथे आपल्या लोकांची गोची होते. आपल्याकडे भोळा ही शिवी नाही. भोळा भाव देवाला आवडतो, शंकरसुद्धा भोळा. नीतिसूत्रांना मात्र भोळेपणाची भीती वाटते: भोळा प्रत्येक शब्द खरा मानतो, शहाणा पाऊल जपून टाकतो. येशूने दोन्ही टोकं एकत्र बांधली, कबुतरासारखं निष्कपट आणि सापासारखं चतुर. यातलं कबुतर आपण उचललं आणि साप मारून टाकला.

पण पेतीबद्दल नीतिसूत्रांना आशा आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे की हे भोळ्यांना चातुर्य मिळावं म्हणून आहे. म्हणजे तो विद्यार्थी आहे, नापास नाही. आणि उघड्या मनात कोण का शिरलं, हेही बघायला हवं. तुमच्या पत्रात शेवटून तिसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात, ‘दीड-दोन वर्षांपूर्वी धाकटे दीर गेले, तेव्हापासून हे असे.’ ताई, ही ओळ पत्राच्या पहिल्या पानावर हवी होती. पाठचा भाऊ गेलेल्या माणसाच्या खांद्यावर त्या शुक्रवारी कोणीतरी हात ठेवला असेल, नाव घेऊन प्रार्थना केली असेल. त्याने दिलेल्या ४० हजारांत तो हातही धरलेला आहे. पैसे चुकीच्या ठिकाणी गेले असं मलाही वाटतं. पण घरात त्या भावाचं नाव शेवटचं कधी निघालं? तुम्ही आकडे घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहता तेव्हा त्याला बहुधा असं ऐकू येत असेल की माझं दुःख उधळपट्टीच्या खात्यात मांडलं गेलं.

आणि नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायाचा तुम्ही त्या रात्री जो वापर केलात, त्याच अध्यायात बारावी ओळ आहे: स्वतःच्या नजरेत शहाणा असलेला माणूस पाहिलास का? त्याच्यापेक्षा मूर्खाबद्दल जास्त आशा आहे. ही ओळ त्याला लागू आहे की तुम्हाला, हे मी ठरवणार नाही. मला स्वतःला ती अनेकदा लागू झाली आहे. हे सदर लिहिणाऱ्या बाईला तर ती दर आठवड्याला लागू होते.

मुलाचं मला जास्त मनावर आलं. डोंगरावरच्या प्रवचनात भावाला ‘अरे मूर्खा’ म्हणणाऱ्याला येशूने जो इशारा दिला आहे तो आपल्याला जरा अतीच वाटतो. घरात १४ वर्षांचा मुलगा बापाची नक्कल करायला लागला की तो कळतो. पेतीचा मुलगा लेत्स होतो आहे. भोळ्याला शिकवता येतं, टवाळाला शिकवायला गेलं तर अपमानच पदरी पडतो, असं नीतिसूत्रं सांगतात. मुलाजवळ बसा आणि म्हणा, ‘मी त्या दिवशी पप्पांना मूर्ख म्हणाले, ते चुकलं. पैशाबद्दल माझं म्हणणं आहे, ते मी त्यांच्याशी बोलेन. तू हसायचं नाही.’ याहून लांब भाषण नको. हेच दोन शब्द नवऱ्यालाही, मुलांच्या समोर. मागे घ्यायचा आहे तो शब्द. हिशोब मागे घ्यायचा नाही.

तर आत्मिक समज म्हणजे काय? शलमोन राजाला स्वप्नात देव म्हणाला, माग काय हवं ते. त्याने मागितलं ते मूळ हिब्रूत ‘लेव शोमेआ’, ऐकणारं हृदय. पुढे ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी करून हाच शलमोन शहाणपणाच्या बाहेर गेला, म्हणजे एकदा मिळालं की कायमचं राहतं असंही नाही. याकोबाच्या पत्रात वरून येणाऱ्या शहाणपणाची लक्षणं दिली आहेत. शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, आणि मग एक ग्रीक शब्द, ‘युपेथेस’: ज्याची समजूत घालता येते ते. ही कसोटी मला सगळ्यांत उपयोगी वाटते. एखाद्याला आत्मिक समज आहे का, हे तो किती वचनं म्हणतो किंवा किती आकडे मांडतो यावरून कळत नाही. त्याला काही सांगता येतं का, ते पाहा. ‘तुले समज नई’ म्हणून उठून जाणाऱ्याचं दार त्या क्षणी बंद असतं. ‘मूर्ख’ म्हणणाऱ्याचंही. ज्या बंधूंना प्रश्नच विचारता येत नाही, त्यांची गोष्ट तुम्हीच ओळखा.

ही कसोटी नुसत्या ख्रिस्ती घरांपुरती नाही. मागच्या महिन्यात धुळ्याकडून एका मुलीचं पत्र होतं, तिची आई एका महाराजांच्या मठात जाते. नावं बदलली तर पत्र तुमचंच.

गप्प बसायचं का? शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढा. नाबाल नावाचा श्रीमंत मेंढपाळ, ३००० मेंढ्या आणि १००० शेळ्यांचा धनी, लोकर कातरायच्या हंगामात, पुढे राजा झालेल्या दाविदाच्या माणसांना हाकलून देतो. दावीद ४०० माणसं घेऊन घर उद्ध्वस्त करायला निघतो. नाबालाची बायको अबीगईल नवऱ्याला न विचारता गाढवांवर भाकरी आणि मेंढ्यांचं मांस लादते, वाटेत जाऊन दाविदाला थांबवते. घरी येते तर नवरा दारूत. तेव्हा ती एक शब्द बोलत नाही. सकाळी, नशा उतरल्यावर, सगळं सांगते. तुमचा नवरा नाबाल नाही, म्हणून तुलना इथेच थांबवा. पण दोन गोष्टी घ्या: जीव धोक्यात असेल तर परवानगीची वाट पाहायची नाही, आणि बोलायचं ते सकाळी. शुक्रवारच्या प्रार्थनेहून तो तरंगत घरी येतो तेव्हा हिशोब काढू नका. आणि बायकांनी व्यवहारात पडू नये असं कोणी म्हणालं, तर नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय उघडा. तिथली गुणी बायको शेत पारखून विकत घेते.

सव्विसाव्या अध्यायात आणखी एक गंमत आहे. चौथी ओळ म्हणते, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस. पाचवी म्हणते, दे. लिहिणाऱ्याला विसर पडला नव्हता. कधी कुठली ओळ घ्यायची, ते त्याने आपल्यावर सोडलं. माझा अंदाज: तो वचन फेकतो तेव्हा चौथी. पुढच्या वेचणीचा पैसा हातात यायच्या आधी पाचवी.

त्या पाचवीसाठी सकाळचा चहा ठीक. सोबत एक वही. कापूस किती निघेल, सोसायटीचं किती, मुलांच्या शाळेचं किती, आईच्या औषधांचं किती. आणि त्यातच एक ओळ दानाची ठेवा, दोघांनी मिळून ठरवलेली. ती ओळ गाळू नका, नाहीतर तुम्ही देवाच्याच विरोधात आहात असं त्याला वाटेल. मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, जुलमाने नको, हेही पौलाचंच. तुमचं मानधन तुमच्याच खात्यात राहू द्या. सातबाऱ्यावर किंवा सोसायटीच्या कागदावर कोणी सही मागितली तर वाचल्याशिवाय आणि घरच्या दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय कोणीच करायची नाही, हे आत्ताच ठरवून टाका. त्याने ऐकलं नाही तर तुमच्या मंडळीतल्या एखाद्या वयस्क वडिलांना घरी जेवायला बोलवा. त्याच्या भावाला ओळखणारा माणूस असेल तर फार बरं. बंधूंना गाठायला एकट्या जाऊ नका. आणि कधी हात उगारला गेला तर हा सगळा सल्ला बाजूला ठेवून १८१ वर फोन करा.

भावाची आठवण काढायला मात्र वहीची वाट पाहू नका. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या नणंदा असतील, तेव्हा काढा, किंवा उद्याच. तो काय बोलेल ते नुसतं ऐका, मध्ये वचन घालू नका. तुम्हाला पाठ आहेत, मला माहीत आहे.

पुढच्या पत्रात सासूबाईंच्या शुगरचा आकडा कळवा. उपाशीपोटी किती आणि जेवणानंतर किती, दोन्ही.